डॉक्टरांच्या पेपरांची यादी करताना म्हशी कशा गाळाव्यात

बढतीचा फॉर्म भरायचा असो, नाहीतर वडिलांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनचं इंजेक्शन सुचवणाऱ्या डॉक्टरांनी त्या विषयात काय काम केलंय ते बघायचं असो, लोक गुगलवर नाव टाकतात, आकडा बघतात आणि ‘बापरे, संशोधनाचे दीडशे पेपर!’ म्हणून मोकळे होतात. परळला एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत मी बरीच वर्षं युरॉलॉजीवाल्यांच्या, म्हणजे मूत्रविकाराच्या डॉक्टरांच्या, याद्या करतोय. त्या दीडशेतले किती त्यांचे, हे ठरेपर्यंत आकड्याला काडीची किंमत नाही.

पबमेड उघडा. वैद्यकीय पेपरांच्या नोंदी शोधायची वेबसाइट, फुकट आहे. आडनाव आधी, मग आद्याक्षरं.

आता खरी डोकेदुखी. पाटील एस किंवा जोशी ए टाकून बघा, पानंच्या पानं येतील. मग सगळे सांगतात, ‘विषयाचा शब्द जोडा की झालं.’ हा सल्ला ऐकून मी तोंडावर आपटलोय. एका डॉक्टरांची यादी घाईत केली, नावापुढे ‘हार्मोन’ जोडलं आणि छापून टेबलावर ठेवली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, सतराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “अहो, मी म्हशींच्या माजावर कधी काम केलं?” आडनाव तेच, आद्याक्षरं तीच, माणूस पशुवैद्यक, म्हशींचं प्रोजेस्टेरॉन मोजणारा. तेही हार्मोनच.

तेव्हापासून मी विषयाकडून नाही, माणसाकडून सुरुवात करतो. शंभर टक्के त्याच डॉक्टरांचा आहे असा एक पेपर हातात घ्या. त्यातले सहलेखक बघा. त्या सहलेखकांबरोबरचे बाकीचे पेपर काढा, त्यातून पुढचे. एकाच युनिटमधली माणसं वर्षानुवर्षं एकत्र लिहितात, त्यामुळे धागा सहसा तुटत नाही. तुटला तर डॉक्टरांनी नोकरी कधी बदलली ते शोधा. तिथून नवी टोळी सुरू होते.

पत्त्यावर मात्र आंधळा विश्वास नको. २०१४च्या आधीच्या नोंदींत पबमेडवर बहुधा पहिल्याच लेखकाचा पत्ता असतो, म्हणजे तुमचे डॉक्टर तिसरे असतील तर पत्त्यावरून ते सापडणारच नाहीत. मूळ पेपरचं पहिलं पान उघडून तळटीप वाचावी लागते. शहराचं नाव १९९५ साली बदललं, तेव्हा नुसतं ‘मुंबई’ टाकलंत तर ‘बॉम्बे’तले जुने पेपर गेले. एकच जागा कुणी केईएम लिहितं, कुणी किंग एडवर्ड मेमोरियल, कुणी सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. सगळं टाकून बघा.

नावांची गंमत वेगळीच. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर कधी असतं, कधी नसतं. बायकांचं लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. आणि चौधरी रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहितात ते मोजायला बसू नका, सगळ्या तऱ्हा शोधा. डॉक्टरांकडे ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची स्वतःची ओळख) सोळा अंकी नंबर असेल तर निम्मं काम वाचतं. पण ती सोय २०१२ची आणि यादी बहुतेक स्वतःच भरायची, त्यामुळे जुनं काम सुटलेलं असतं. गुगल स्कॉलरचं, म्हणजे गुगलच्या पेपर शोधायच्या सेवेचं, प्रोफाइल तर मी शेवटी बघतो. ते नामसाधर्म्यावरून भलतेच पेपर आपणहून चिकटवतं आणि डॉक्टरांना ते काढायला वेळ नसतो.

माणूस पक्का झाला की मगच विषय. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं की पुरुषी हार्मोन तोडलं की पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर मागे हटतो. पुढे १९६६ला त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून एकाच उपचाराला इतकी नावं पडलीत की एका शब्दात सगळं सापडणं अशक्य. वृषण काढण्याच्या ऑपरेशनला इंग्लंडकडे ऑर्किडेक्टमी, अमेरिकेकडे ऑर्किएक्टमी. इंजेक्शनांच्या पेपरांत येणारी एलएचआरएच आणि जीएनआरएच ही एकाच हार्मोनची दोन नावं. पुरुषी हार्मोन तोडण्याला कुणी ‘अँड्रोजेन डिप्रायव्हेशन’ म्हणेल, कुणी नुसतं औषधाचं नाव लिहील. त्यामुळे यादी छोटी असेल तर शब्द टाकून शोधत बसू नका, शीर्षकं डोळ्यांनी वाचा.

मग प्रत्येकापुढे लिहा: नाव पहिलं, शेवटचं की मधलं. आपल्याकडे राबणारा बहुधा पहिला, विभागप्रमुख शेवटचा. मोठ्या ट्रायलच्या, म्हणजे पेशंटवर उपचार तपासणाऱ्या चाचणीच्या, पेपरमध्ये लेखकांखाली ‘कोलॅबोरेटर’ म्हणून लांबलचक यादी असते. त्यात नाव असणं म्हणजे पेपर लिहिणं नव्हे, ते वेगळ्या रकान्यात. एका पेशंटची केस रिपोर्ट, दुसऱ्याच्या पेपरवर लिहिलेलं पत्र आणि ट्रायल एका रांगेत मांडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, यादी परत करतो.

पेपर मागे घेतलेला असेल तर पबमेडच्या नोंदीवर तसं लिहिलेलं असतं. प्रत्येक नोंद उघडून बघा, कंटाळा आला तरी.

यादीच्या माथ्यावर शोधाची तारीख घाला. महिन्याभराने कुणी पुन्हा मोजायला बसलं तर आकडा वेगळा येईल, आणि भांडण तुमच्या टेबलापर्यंत येईल.