गच्चीवर चूल मांडताय? या चुका टाळा

आमचं घर नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणात. कौलारू घर पाडून तीन मजले चढवले, तेव्हा परसातली चूल गेली ती गेलीच. मी माहेरची ठाण्याची, नौपाड्यातली. मला चुलीचं फारसं काही नव्हतं. पण सासूबाईंची एकच भुणभुण: गॅसवरच्या तांदळाच्या भाकरीला वास नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी गच्चीवर धुराडं असलेली लाकडाची चूल बसवायचं ठरलं. पहिल्या दिवशी मोठ्या थाटात जाळ केला आणि जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला, "अगो, चूल पेटलेय का घर पेटलंय?" धूर धुराडं सोडून बाकी सगळ्या वाटांनी बाहेर येत होता.

पुढच्या वर्षभरात ती चूल दोनदा मोडून मांडली. आम्ही सगळा पैसा आणि सगळा विचार चुलीच्या पेटीवर खर्च केला होता. दोष पेटीत नव्हताच. तो धुराड्यात होता आणि जळणात होता. आता गावठाणात कुणाची चूल धुमसली की मला वर बोलावतात, आणि बहुतेक वेळा या दोन जागांच्या पलीकडे शोधावं लागत नाही.

आधी एक नकार. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, गॅलरीत किंवा ड्राय बाल्कनीत लाकडाची चूल बसवू नका. धुराडं वरच्यांच्या खिडकीखाली संपणार, त्यावर इलाज नाही. स्वतःची गच्ची, स्वतःचं अंगण किंवा मुरबाड-शहापूरकडचं शेतघर असेल तरच पुढचं वाचा.

मनालीतलं पाहून आलेलं

लोक हिमाचलला फिरून येतात, खोलीत मधोमध ठेवलेला लोखंडी 'तंदूर' बघतात, कुणी काश्मीरची बुखारी बघतं, आणि तसंच काहीतरी ऑनलाइन मागवतात. दिसायला देखणं असतं, काचेतून जाळ दिसतो. पण ती वस्तू खोली तापवायला बनवलेली आहे. तिच्या अंगाने उष्णता चारी बाजूंना फेकली जावी हाच तिचा उद्देश. आपल्याकडे जानेवारीतली एखादी पहाट सोडली तर शाल पुरते. इथे उष्णता टोपाखाली हवी, भाकरी थापणारीच्या अंगावर नको.

म्हणून स्वयंपाकाचीच चूल घ्या, आणि विकणाऱ्याला आयएस १३१५२ हे भारतीय मानक माहीत आहे का ते विचारा. त्यात उचलून ठेवता येणाऱ्या बिनपंख्याच्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के लागते. तीन दगडांच्या चुलीत साधारण १० टक्केच उष्णता भांड्याला मिळते, बाकीची वाऱ्यावर. विकणारा गोंधळला तर आणखी दोन दुकानं फिरा.

दुसरं, दुकानात जाताना घरची भांडी मोजून जा. आमच्या चुलीची भोकं दहा इंची, आणि घरातले निम्मे टोप नऊ इंची. टोप आत उतरायचा, कडेला फट राहायची. त्या फटीतून धूर येतोच, शिवाय थंड हवा आत ओढली जाऊन धुराड्याची ओढ तुटते. दोन भोकांची चूल असेल आणि वायलावर, म्हणजे दुसऱ्या भोकावर, काही ठेवलेलं नसेल, तर त्यावर झाकण हवंच. ही चूक इतकी साधी आहे की ती कुणी तपासतच नाही.

धुराडं

धुराडं धूर बाहेर काढतं असं आपण म्हणतो, पण त्याचं खरं काम आत हवा ओढण्याचं. पाईपमधली हवा तापते, हलकी होते, वर जाते. तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा येते आणि जाळ पेट घेतो. ही ओढ दोन गोष्टींवर ठरते: पाईपची उंची, आणि आतली व बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक. बाहेर बत्तीस अंश असताना हा फरक थंडीच्या मुलुखापेक्षा कमी पडतो. म्हणजे आपल्याकडे पाईप आखूड ठेवायला आणखीच कमी वाव.

आम्ही काय केलं? पावसाळी शेडच्या वर जेमतेम हातभर पाईप काढला. पाच फुटांवर शेजाऱ्यांच्या चौथ्या मजल्याची भिंत. गावठाणात घरं कशी आहेत ते सांगायला नको, या खिडकीतून त्या खिडकीत मीठ देता येतं. दुपारनंतर खाडीकडचा वारा सुटला की तो त्या भिंतीवर आपटायचा आणि खाली वळून थेट आमच्या पाईपात शिरायचा. सकाळची चूल छान, संध्याकाळची धुराने भरलेली. दोन महिने आम्ही लाकडाला शिव्या दिल्या.

परदेशात लाकडाचे स्टोव्ह बसवणारे एक हिशोब पाळतात: छपरातून पाईप जिथे बाहेर पडतो तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून २ फूट वर. आम्हाला तेवढी उंची गाठायची तर पाईप शेजाऱ्यांच्या कठड्याच्या वर न्यावा लागला असता. शेवटी चूलच गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, गल्लीच्या बाजूला हलवली. तुमच्या गच्चीवर असा कोपराच नसेल आणि शेजारची खिडकी चार-पाच फुटांवर असेल, तर माझं स्पष्ट मत, चूल मांडू नका. आपल्या भाकरीच्या वासासाठी दुसऱ्याच्या बाळाच्या खोलीत धूर सोडायचा नसतो.

काटकोनातली वळणं ही दुसरी चूक. शेडची तुळई चुकवायला फॅब्रिकेटरने पाईपला दोन काटकोनी एल्बो बसवले. प्रत्येक वळणावर धूर अडखळतो आणि तिथेच काजळी साठते. वळण घ्यावंच लागलं तर ४५ अंशांची दोन घ्या. आमच्या दुसऱ्या मांडणीत पाईप सरळ आहे, तुळईच सरकवली.

पाईपचा व्यास चुलीच्या तोटीइतकाच, म्हणजे धूर बाहेर पडायच्या तोंडाइतकाच, ठेवा. तोटी चार इंची असताना 'घरात पडलाय' म्हणून तीन इंची जोडला तर धूर मागे फिरणार. आणि उगाच आठ इंची लावला तर धूर आतच गार होऊन रेंगाळणार.

आता जोड. पाऊस आत शिरू नये म्हणून माणूस वरचा पाईप खालच्यावर टोपीसारखा चढवतो. चुलीच्या पाईपला उलटं करायचं: वरच्या पाईपचं तोंड खालच्याच्या आत. कारण धूर गार झाला की डांबरासारखा काळा चिकट रस पाईपच्या आतून खाली ओघळतो. जोड उलटा असेल तर तो फटीतून बाहेर येतो आणि भिंतीवर काळे पाट उतरतात, जे कुठल्याही रंगाखाली लपत नाहीत. बाहेरून पाऊस शिरू नये म्हणून जोडाला उष्णता सोसणारा सीलंट लावा.

पत्रा कुठला? साधं लोखंड खाडीच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत चाळण होतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा चुलीच्या लगेच वर नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि तापलेल्या जस्ताचा धूर छातीत जाऊ नये. जुना ॲस्बेस्टॉसचा पाईप कापू नका, त्याची धूळ त्याहून वाईट. स्टेनलेस स्टील ३०४ घ्या. महाग आहे, पण एकदाच घ्यावं लागतं. पीव्हीसी पाईप लावलेलं धुराडंही मी पाहिलंय. त्याबद्दल काय बोलणार.

वरची टोपी पावसासाठी लागतेच. ती तोंडावर घट्ट बसवली तर धुराचा गळा दाबला जातो. तोंड आणि टोपी यांच्यात पाईपच्या व्यासाइतकी मोकळी जागा राहू द्या.

धूर कधी येतो ते बघा

मिस्त्रीला बोलावण्याआधी दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा. धूर फक्त पहिली पाच-दहा मिनिटं येत असेल तर पाईप गार आहे. वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून पाईपच्या तोंडाशी धरा, आतली हवा तापू द्या, मग काटक्या पेटवा. ठरावीक वेळीच येत असेल तर वारा. बंद स्वयंपाकघरात चूल असेल आणि एक्झॉस्ट फॅन लावला की धूर उलटा येत असेल, तर फॅन खोलीतली हवा बाहेर फेकतोय आणि तिची भरपाई धुराड्यातून होतेय. फॅन बंद करून खिडकी उघडा. आधी चूल चांगली चालायची आणि महिनोन्‌महिने धूर वाढत गेला असेल, तर काजळी. पहिल्या दिवसापासून सतत येत असेल तर उंची, वळणं किंवा ओलं लाकूड.

सगळ्यात सोपी परीक्षा उदबत्तीची. चूल पेटवण्याआधी उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरायची. तिचा धूर आत वळला तर ओढ आहे. बाहेर आपल्याकडे आला तर आज जाळ करू नका, आधी कारण शोधा.

जळण

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. म्हणजे किलोभर लाकूड चुलीत घातलं तर अर्धा लिटर पाणी आधी उकळून वाफ करायचं, मग उरलेलं जळणार. त्या अर्धा किलो सुक्या लाकडाच्या उष्णतेचा सुमारे सातवा हिस्सा नुसता या पाण्यापायी जातो. पण खरं नुकसान त्याहून मोठं. जाळ गार राहतो, लाकडातून निघणारे वायू पेट न घेताच वर जातात आणि पाईपात काजळी-डांबर होऊन चिकटतात.

लाकडात पाणी २० टक्क्यांच्या खाली हवं. ते मोजायचं मीटर मिळतं, पण दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. टणक वाजल्या तर सुक्या, बद्द वाजल्या तर ओल्या. सुक्या ओंडक्याच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात.

आणि इथे आपल्या हवेचा फास आहे. जुलैत हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांवर असतो. त्या हवेत शेडखाली ठेवलेलं सुकं लाकूडसुद्धा पाणी पिऊन १८ ते २० टक्क्यांवर जातं. ताडपत्रीत गुंडाळलेलं तर त्याहून वर, कारण आतली वाफ बाहेर पडत नाही. आम्ही पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं, श्रावणात ताडपत्री सोडली तर ढिगावर कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या. आता दिवाळीनंतर लाकूड आणतो, मनगटाएवढं फोडतो, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचतो, वरून छप्पर आणि बाजू उघड्या. मृग लागण्याआधी आठवड्यापुरतं जळण घरात, जिन्याखाली.

सुरू, बाभूळ, चिंच यांची धग चांगली. आंबा चालतो. शेवगा आणि पांगारा नुसते भुरभुर जळतात, त्यांच्यासाठी कुऱ्हाड उचलू नका. करवंट्या पेटवणाला उत्तम. कण्हेर अजिबात नको, तिचा धूरही विषारी.

फुकटच्या लाकडाचा मोह नवी मुंबईत जास्त, कारण एमआयडीसीच्या पट्ट्यात मोडकी पॅलेट्स ढिगाने मिळतात. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते जाळायला हरकत नाही. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूने, ते नको. शिक्काच नसेल तरी नको. सुताराकडचे प्लायवुडचे, सनमायक्याचे, रंगाचे तुकडे चुलीत घालू नका. त्यातला डिंक आणि रंग जळून जो धूर होतो त्यावर भाकरी शेकायची नाही. दिवाळ्याच्या बंदरावरचं मोडक्या होडीचं लाकूड सुकं खडखडीत असतं, पण त्यात मीठ आणि तळाचा रंग मुरलेला. मीठ स्टीललाही खातं.

खाडीतली तिवरं, म्हणजे खारफुटी, तोडायला बंदी आहे. ठाणेकरांना येऊरचं जंगल जवळचं वाटतं, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून मोळी आणता येत नाही. स्वतःच्या दारातलं झाड तोडायचं असेल तरी शहरी भागात १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

बुड आणि आजूबाजू

चूल थेट गच्चीच्या लादीवर ठेवू नका, खालचं वॉटरप्रूफिंग तापून सुटतं. विटांचे पाय करून खालून हवा खेळू द्या. सज्जावर ठेवू नका, ओतीव लोखंडाच्या चुलीचं वजन सहज शंभर किलोच्या पुढे जातं. जाळाच्या जागी सिमेंटचा गिलावा टिकत नाही, तापून फुटतो. भट्टीच्या विटा आणि चिकणमाती-भुशाचा लेप वापरा. नवी मातीची चूल आठ-पंधरा दिवस सावलीत वाळवून मग थोड्या थोड्या काटक्यांनी तापवायची, नाहीतर पहिल्याच जाळात तडा.

आणि ती निळी ताडपत्री! पावसाळी शेड, फायबरचा पत्रा, पीव्हीसीची फॉल सीलिंग यांतून उघडा पाईप जाता कामा नये. अमेरिकेतल्या नियमात एकेरी पाईप आणि पेटू शकणारी वस्तू यांत १८ इंच अंतर सांगितलंय. आम्ही पाईपभोवतीचं छप्पर कापून तिथे सिमेंट बोर्डाचा चौकोन बसवला.

जाळ विझला, निखारे उरले, बाहेर पाऊस लागला, म्हणून कुणी निखाऱ्यांची पाटी खोलीत आणून दार लावतं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, झोप येते आणि माणूस उठत नाही. निखारे आत आणायचे नाहीत, संपला विषय.

पाईपमध्ये घरघर ऐकू आली आणि तो लाल दिसायला लागला तर आतली काजळी पेटलीय. पाणी ओतू नका, तापलेलं ओतीव लोखंड तडकतं. चुलीच्या तोंडाची झडप बंद करून हवा तोडा, सगळ्यांना खाली न्या, १०१ ला फोन करा. ही वेळ येऊ नये म्हणून रोज चूल पेटत असेल तर महिन्याला, नाहीतर दोन महिन्यांनी पाईप साफ करायचा. ब्रश विकत मिळतो. सासूबाई मात्र नारळाची सोडणं ठोकून, सुंभाने बांधून, खाली दगड अडकवून वरून पाईपात सोडतात आणि दोनदा वर-खाली करतात. राख लोखंडी घमेल्यात काढून दोन दिवस तशीच ठेवतात, कारण वरून गार दिसली तरी पोटात निखारा असतो. मागच्या वर्षी मी ती दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकच्या बादलीत ओतली होती. बादलीचं बूड गच्चीला चिकटलं, तो गोल डाग अजून आहे.