फाल्गुनातली गरम पेयं : घड्याळ बघून भांडं चढवा

'होळी जळाली, थंडी पळाली' हे म्हणायला ठीक, पण थंडी अशी एका रात्रीत पळत नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात पहाटे १२-१४ अंश आणि दुपारी ३३-३५ अंश असे दिवस सर्रास येतात. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. कोकणात नि गोव्यात समुद्रामुळे हा फरक कमी असतो. विदर्भ-मराठवाड्यात मात्र मध्येच अवकाळी पाऊस नाहीतर गारा पडतात आणि कपाटात ठेवलेला स्वेटर पुन्हा बाहेर काढावा लागतो.

या दिवसांत गरम पेयांचा घोळ होतो तो सवयीमुळे. जानेवारीत दिवसातून चार वेळा गोड लागणारा आल्याचा कडक चहा आता दुपारी तीनला घेतला की छातीत जळजळतं. तेव्हा काय प्यायचं ते वेळेवर ठरवा. सकाळी आलं-दूध चालेल, दहा-अकरानंतर बिनदुधाचं आणि पातळ, जेवणात आंबट सार, आणि रात्री हळद-दूध किंवा कषाय, म्हणजे धने-जिऱ्याच्या भरड पुडीचा काढा. खालची मापं घरातल्या साधारण १५० मिलीच्या चहाच्या कपाची आणि सपाट चहाच्या चमच्याची आहेत.

सकाळ : आलं आणि गवती चहा

दोन कप चहासाठी दीड कप पाणी, एक कप दूध, पाऊण इंच आलं, गवती चहाच्या दोन पाती, दोन चमचे चहा पावडर आणि दोन चमचे साखर. वाफेत आणि गाळणीतल्या चोथ्यात अर्धा कप जातो, म्हणून पाणी-दूध मिळून अडीच कप धरलंय.

आलं गार पाण्यातच टाका, पाण्याबरोबर ते तापू द्या आणि उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं खळखळू द्या. ही पायरी टाळली की चहा फाटतो आणि दोष बिचाऱ्या दूधवाल्यावर येतो. कच्च्या आल्यात दूध साकळवणारं एन्झाइम असतं. साधारण ६० ते ७० अंशांवर ते जोमात असतं आणि पाणी नीट उकळलं की निकामी होतं. दूध-पाणी एकत्र तापवून वरून आलं किसलं, तर मिश्रण नेमकं त्या तापमानातून सावकाश जातं आणि गुठळ्या होतात. दूध ताजं असलं तरी होतात.

आल्याचं प्रमाणही आता थोडं उतरवा. या दिवसांत बाजारात येतं ते आलं बहुतेक जून असतं. साल जाड, मोडलं की आतून दोरे निघतात, आणि तिखटपणा कोवळ्या आल्यापेक्षा बराच जास्त. पावसाळ्यानंतर एक इंच घालत असाल तर आता पाऊण पुरे. किसलं की रस जास्त सुटतो आणि चहा घशाला लागतो, खलबत्त्यात नुसतं ठेचलं की वास येतो पण चटका कमी. रोजच्या चहाला ठेचलेलंच बरं. आलं संपलं असेल तर दोन कपांना पाव चमचा सुंठ, त्याहून जास्त नको. आलं वाळताना त्यातली तिखट द्रव्यं बदलतात आणि आणखी झणझणीत होतात, त्यामुळे सुंठ दिसते थोडी पण लागते फार.

आलं उकळलं की साखर आणि गवती चहा घाला. गवती चहाच्या कडा धारदार असतात, हाताने ओरबाडलं तर बोट कापतं. कात्रीने कापा किंवा पातीची सैलशी गाठ मारून टाका, म्हणजे गाळताना तुकडे अडकत नाहीत. कुंडीतल्या किंवा परसातल्या गड्ड्याच्या बाहेरच्या पाती या ऋतूत तांबूस, करपल्यासारख्या झालेल्या असतात. त्या सोडून मधल्या हिरव्या घ्या. गॅस बारीक करून झाकण ठेवा आणि दोन मिनिटं थांबा, बस. त्याचा लिंबासारखा वास ज्या तेलामुळे येतो ते उडून जाणारं आहे. झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळलं की स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात नुसती गवताची तुरट चव उरते.

मग चहा पावडर. मामरी असेल तर सव्वा ते दीड मिनिट, डस्ट असेल तर मिनिटभर. दूध वेगळं गरम करून ठेवलेलं असावं. फ्रिजमधलं गार दूध ओतलं की उकळी मोडते, ती परत येईपर्यंत पावडर आणखी तीन-चार मिनिटं शिजत राहते आणि चहा कडवट होतो. गरम दूध घातल्यावर दोन उकळ्या येऊ द्या आणि लगेच गाळा. उरलेला चहा पुन्हा तापवून पिऊ नये असं घरोघरी सांगतात, आणि चवीपुरतं तरी ते शंभर टक्के खरं आहे.

चहा जेवणाला लागून नको. त्यातल्या टॅनिनमुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायला अडथळा होतो. जेवणाच्या आधी-नंतर तासभर अंतर ठेवा, विशेषतः ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी.

गुळाचा चहा का फाटतो

कोल्हापूर-सांगलीकडची गुऱ्हाळं अजून चालू असतात, नवा गूळ घरात आलेला असतो, त्यामुळे गुळाचा चहा करून पाहावासा वाटतोच. गूळ किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटायला तेवढं निमित्त पुरतं. गूळ जितका काळसर आणि जुना, तितका धोका जास्त.

बिनधोक पद्धत अशी : पाणी, आलं, चहा पावडर आणि दोन कपांना लिंबाच्या निम्म्या आकाराचा गुळाचा खडा हे सगळं एकत्र उकळून गाळून घ्या. दूध दुसऱ्या भांड्यात तापवा, उकळी बसू द्या आणि कपातच एकत्र करा. एकत्र केलेला चहा परत गॅसवर चढवायचा नाही. एकाच भांड्यात करायचा असेल तर गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग किसलेला गूळ घालून ढवळा. काहीजण चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. चहा फाटत नाही हे खरं, पण रंग काळपट होतो आणि चव साबणासारखी लागते. त्यापेक्षा साखर घातलेली बरी.

दहा-अकरानंतर : सुंठीचं पाणी

उन्हं वर आली की दूध बंद. आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट यांनी वसंतातल्या दिनक्रमात आल्याचं पाणी आणि मधाचं पाणी सांगितलं आहे. शिशिरात साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो, हा त्यामागचा आयुर्वेदाचा विचार. करायला सोपं आहे : एक लिटर पाण्यात अर्धा चमचा सुंठ पूड किंवा सुंठीचा लहान तुकडा ठेचून टाका आणि मध्यम आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत उकळा. पूड वापरली असेल तर पाच मिनिटं न हलवता ठेवून वरचं नितळ पाणी ओतून घ्या, नाहीतर शेवटचा घोट घशाला चिकटतो. दुपारपर्यंत थोडं थोडं कोमट प्या.

मध घालायचा तर कपात, पाणी कोमट झाल्यावर. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याही रूपात देऊ नये. आणि काढ्याच्या नावाखाली दालचिनी, लवंग, मिरी, ज्येष्ठमध सगळंच एका भांड्यात लोटू नका. रोजच्या ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, आणि मिरी-लवंगेचा मारा या उन्हात पोटाला सोसत नाही.

जेवणात : आमसुलाचं सार

हे खरं तर या ऋतूचं पेय. गरम आहे पण जड नाही, आणि बाहेर ऊन असलं तरी नकोसं वाटत नाही.

तीन-चार माणसांना सात-आठ आमसुलं घ्या. रातांबे पिकतात एप्रिल-मे मध्ये, म्हणजे फाल्गुनात डब्यात असतात ती मागच्या उन्हाळ्यातली, वाळून कडक झालेली. नव्या आमसुलांना दहा मिनिटं पुरतात, यांना कपभर कडकडीत पाण्यात निदान अर्धा तास भिजू द्या. मग हाताने चांगली कुस्करा आणि गर पिळून घ्या. बोटांत दाबल्यावर आमसूल अजून चामडी वाटत असेल तर भिजलेलं नाही. गर धुऊन घेतलेलं पाणी फेकू नका, तेही सारातच घाला.

या पाण्यात आणखी तीन कप पाणी, दीड-दोन चमचे गूळ, एक उभी चिरलेली मिरची आणि थोडं ठेचलेलं आलं घाला. मीठ शेवटी, चव घेऊनच. आमसुलं बऱ्याचदा मीठ लावून वाळवलेली असतात आणि आधी मीठ पडलं की सार खारट होतं. तसं झालंच तर पाणी आणि गूळ वाढवण्याखेरीज इलाज नाही. एक उकळी आली की पुरे. फार उकळलं तर तो सुरेख लालजांभळा रंग विटकरी होतो आणि चव तुरट. वरून दोन चमचे तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी. तूप मंद आचेवर तापवा आणि जिरं तडतडलं की लगेच ओता, काळं पडलेलं जिरं पूर्ण साराला कडू करतं.

भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ आमसुलाच्या आंबटाला चालत नाही, धातू पेयात उतरतो. नारळाचं दूध घालायची हौस असेल तर गॅस बंद करून, सार जरा निवल्यावर घाला, उकळत्या आंबटात ते फुटतं.

सर्दीने नाक बंद असेल तर साराऐवजी कुळथाचं कढण. अर्धी वाटी कुळीथ रात्रभर भिजवा, चार वाट्या पाण्यात कुकरला सहा-सात शिट्ट्या द्या आणि वरचं पाणी गाळून त्याला तूप-लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. दोन आमसुलं घाला. उरलेल्या कुळथाची उसळ होते. कुळीथ उष्ण मानतात, म्हणून ऊन चढल्यावर नको, संध्याकाळीच.

रात्र : कषाय किंवा हळद-दूध

गोवा-कारवारकडच्या घरांत कषायाची पूड डब्यात तयारच असते. एक वाटी धने, पाव वाटी जिरं, दोन चमचे बडीशेप, एक चमचा मिरी, सहा-सात वेलच्या आणि एक चमचा सुंठ पूड. धने, जिरं, बडीशेप आणि मिरी वेगवेगळी भाजा. सगळं एकत्र भाजलं तर धन्यांना रंग येईपर्यंत जिरं जळतं. धने हाताला हलके लागले आणि खमंग वास सुटला की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच वेलची-सुंठेबरोबर मिक्सरमध्ये फिरवा, गरम असताना दळलं की वाफ धरते आणि पुडीचे खडे होतात. दळण रव्याइतकं भरड ठेवा, पिठासारखं बारीक केलं की कपाच्या तळाशी गाळ बसतो.

एका कपाला एक चमचा पूड, सव्वा कप पाणी, चवीला गूळ, तीन मिनिटं उकळी. दूध हवं तर गाळल्यावर दोन-तीन चमचे गरम दूध वरून. यात चहा-कॉफी नाही, त्यामुळे रात्री झोप उडत नाही. काचेच्या बरणीत ही पूड महिनाभर छान राहते, पुढे वास उतरत जातो.

हळद-दुधाला याच दिवसांत चांगला योग असतो, सांगलीच्या बाजारात नवी हळद येऊ लागलेली असते. एक कप दूध, पाव कप पाणी, पाव चमचा हळद आणि दोन ठेचलेले मिरीदाणे मंद आचेवर पाच मिनिटं. वरून हळद भुरभुरवून प्यायलं तर ती कच्ची लागते आणि तळाशी बसते, शिजायलाच हवी. दूध सायीसकट घ्या, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. मिरी शोभेची नाही, तिच्यामुळे कर्क्युमिन शरीरात शोषलं जायला मदत होते. अर्धा चमचा हळद घातली की गुण दुप्पट होत नाही, दूध मात्र कडू होतं.

किती गरम, आणि बाहेर न्यायचं तर

गरम म्हणजे पोळणारं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून अधिक गरम पेयं कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकली. थर्मामीटर नसला तरी चालेल : स्टीलचा पेला हातात धरवत नसेल तर ओठाला लावू नका. चार-पाच मिनिटं थांबा किंवा बशीत ओता.

पहाटेच्या एसटीने निघणाऱ्यांनी थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवावा, मग ते पाणी ओतून पेय भरावं. गार थर्मासमध्ये सरळ ओतलं तर बरीचशी ऊब स्टील तापवण्यातच जाते. दुधाचा चहा मात्र भरून नेऊ नका. दोन-तीन तासांत त्याला शिळा वास येतो, आणि दुपारच्या उन्हापर्यंत राहिला तर नासतोही. सुंठीचं पाणी, कषाय किंवा बिनदुधाचा गवती चहा न्या. घरी आल्यावर झाकणातली रबरी रिंग काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, वास बहुतेक तिथेच लपलेला असतो. रात्रभर झाकण उघडं ठेवून थर्मास पालथा वाळवा.