इन्फ्राटेम्पोरल फॉसाचे विच्छेदन : जबड्यामागच्या धमन्या आणि नर्व्ह कशा शोधाव्यात

चेहऱ्याच्या वरच्या थरांचे विच्छेदन पहिल्या वर्षाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जमते, कारण त्वचा आणि चरबी दूर केली की फेशियल नर्व्हच्या शाखा कानापुढील पॅरोटिड या लाळग्रंथीच्या कडेने गालावर पसरलेल्या दिसू लागतात. खरी कसोटी लागते ती गालाच्या हाडाच्या कमानीखाली, जबड्याच्या उभ्या भागाच्या म्हणजे रेमसच्या मागे असलेल्या इन्फ्राटेम्पोरल फॉसा नावाच्या खळगीमध्ये. जागा अरुंद, समोर हाड आणि आत मॅक्झिलरी आर्टरी, मँडिब्युलर नर्व्ह व शिरांचे जाळे एकमेकांत गुंतलेले, अशी तिथली स्थिती असते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा भाग केवळ परीक्षेपुरता उरकू नये असे मला मनापासून वाटते. तंबाखू, सुपारी आणि गुटख्यामुळे ज्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही असे रुग्ण आपल्या खान्देशातील दवाखान्यांत पुढे आयुष्यभर भेटणार आहेत, आणि त्यांची अडचण याच जागेशी जोडलेली आहे.

सुरीला हात लावण्यापूर्वी सुटी कवटी हातात घ्यावी. खालचा जबडा काढून कवटी उलटी धरली की लॅटरल टेरिगॉइड प्लेटची, म्हणजे कवटीच्या तळापासून निघालेल्या हाडाच्या पातळ पट्टीची, मागची कड दिसते. त्या कडेवरून बोट वर नेत गेल्यास ते फोरामेन ओव्हेल या छिद्रापाशी पोहोचते, आणि त्याच्या मागे, किंचित बाहेरच्या बाजूला फोरामेन स्पायनोसमचे लहान छिद्र सापडते. पहिल्यातून खालच्या जबड्याची मँडिब्युलर नर्व्ह खाली उतरते, तर दुसऱ्यातून मेंदूच्या आवरणाची मिडल मेनिंजियल आर्टरी वर जाते. आता पिवळा दोरा फोरामेन ओव्हेलमधून खाली सोडावा, जबडा पुन्हा जागेवर बसवावा आणि दोऱ्याचे टोक रेमसच्या आतल्या बाजूच्या मँडिब्युलर फोरामेन या छिद्रात घालावे. लाल दोरा फोरामेन स्पायनोसममधून काढून जबड्याच्या मानेमागे, म्हणजे सांध्याच्या गोल टोकाखालच्या अरुंद भागामागे, आणावा. हे दोन दोरे डोळ्यांसमोर असले की पुढचे निम्मे काम सोपे होते.

प्रत्यक्ष विच्छेदनात प्रथम मॅसेटर हा चावण्याचा स्नायू मोकळा करावा. झायगोमॅटिक म्हणजे गालाच्या हाडाची कमान पुढे आणि मागे अशी दोन ठिकाणी करवतीने कापून मॅसेटरसह खाली वळवावी. तसे करताना रेमसच्या वरच्या कडेवरील खाचेतून, म्हणजे मँडिब्युलर नॉचमधून, या स्नायूत शिरणारी नर्व्ह व धमनी ओळखून घ्यावी. त्यानंतर नॉचपासून पुढे व खाली तिरका छेद घेऊन कोरोनॉइड प्रोसेस, म्हणजे रेमसचे पुढचे टोक, वेगळी करावी आणि कानशिलावरच्या टेम्पोरॅलिस स्नायूसह वर उचलावी. गालाची बक्कल नर्व्ह बहुतेकदा याच स्नायूच्या आतल्या अंगाला चिकटलेली असते, म्हणून उचलण्याआधी ती अलगद सोडवून घ्यावी. घाईने उचलले तर ती तुटते.

रेमसचा तुकडा काढणे ही सर्वांत जोखमीची पायरी होय. सुरीची बोथट मूठ जबड्याच्या मानेमागे आत सरकवावी आणि हाडाला लागूनच हळूहळू खाली न्यावी. एका ठिकाणी ती अडते आणि पुढे जात नाही. खालच्या दातांची इन्फीरियर अल्व्हिओलर नर्व्ह व तिच्याबरोबरची धमनी तिथे मँडिब्युलर फोरामेनमध्ये शिरतात, त्यामुळे खालचा छेद या अडण्याच्या जागेच्या वरच राहिला पाहिजे. वरचा छेद मानेतून घ्यावा. करवत आरपार नेऊ नये. हाडाचा शेवटचा पातळ थर छिन्नीने तोडावा आणि मूठ तोपर्यंत मागे आडोसा म्हणून तशीच ठेवावी.

हाड निघाल्यावर टेरिगॉइड शिरांचे जाळे समोर येते. ते काढून टाकावे लागते, मात्र काढण्यापूर्वी ते एकदा नीट पाहावे, कारण कवटीच्या आतील कॅव्हर्नस सायनस या शिरेच्या पोकळीशी त्याचा संबंध असल्याने वरच्या दाढेचा जंतुसंसर्ग या वाटेने मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचू शकतो.

आता जबडा पुढे ओढणारा लॅटरल टेरिगॉइड स्नायू पूर्ण स्वच्छ करावा. शेताची हद्द जशी बांधावरून सांगतात, तशी या पोकळीतील प्रत्येक रचनेची जागा या स्नायूवरून सांगता येते, आणि माझ्या मते नावे पाठ करण्यापेक्षा हाच मार्ग उत्तम. त्याच्या वरच्या कडेवरून डीप टेम्पोरल नर्व्ह आणि मॅसेटरची नर्व्ह बाहेर येतात. स्नायूच्या दोन उगमांच्या (हेड्सच्या) मधून बक्कल नर्व्ह. खालच्या कडेखालून पुढे जिभेची लिंग्वल नर्व्ह आणि तिच्या मागे इन्फीरियर अल्व्हिओलर. मॅक्झिलरी आर्टरीचे तीन भागही यावरूनच ठरतात: स्नायूच्या आधीचा, स्नायूला लागून जाणारा आणि त्याच्या पुढचा. मधला भाग अनेक देहांत स्नायूच्या बाहेरून, तर काहींत आतून जातो. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही, म्हणून शेजारच्या टेबलावरचा देहही अवश्य पाहावा. तिसरा भाग टेरिगोपॅलाटाइन फॉसा या आतल्या खळगीत शिरतो आणि त्याची स्फेनोपॅलाटाइन शाखा नाकाला रक्त पुरवते. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात घोळणा फुटतो तेव्हा वाहणाऱ्या रक्तात या शाखेचाही वाटा असतो.

शेवटी जबड्याचा सांधा सोडवून कॉन्डाइल (जबड्याचे सांध्यातले गोल टोक) व लॅटरल टेरिगॉइड एकत्रच पुढे वळवावेत. मँडिब्युलर नर्व्हचे मूळ खोड आणि मिडल मेनिंजियल आर्टरी आता उघडी पडतात. कान व कानशिलाकडे जाणाऱ्या ऑरिक्युलोटेम्पोरल नर्व्हच्या दोन मुळांच्या मधून ही धमनी वर जाते. ती दोन्ही मुळे चिमट्याने सुटी करून दाखवता आली पाहिजेत. मुंबई-आग्रा महामार्गावर हेल्मेटविना दुचाकीवरून पडलेल्या रुग्णाच्या कानशिलाचे हाड मोडून मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचते, तेव्हा बहुधा याच धमनीची शाखा फाटलेली असते. लिंग्वल नर्व्हला मागून, लघुकोन करून येऊन मिळणारा बारीक धागा म्हणजे कॉर्डा टिम्पानी. तो शोधताना कात्री बाजूला ठेवावी आणि बोथट प्रोबने (सळईसारख्या उपकरणाने) लिंग्वल नर्व्हच्या मागच्या कडेवरून वर जात राहावे. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव याच धाग्यातून जाते.

विच्छेदन झाल्यावर रेमस आणि मीडियल टेरिगॉइड स्नायू यांच्या मधल्या जागेत प्रोब ठेवून पाहावा. लॅटरल टेरिगॉइड हे या जागेचे छत होय. खालची दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य बधिर करणारे औषध इथेच सोडतात. लिंग्वल नर्व्ह शेजारीच असल्याने ओठाबरोबर अर्धी जीभही बधिर होते. नेहमीच्या पद्धतीसाठी रुग्णाने तोंड मोठे उघडणे आवश्यक असते. सुपारीमुळे गालाच्या आतले आवरण ताठ होऊन ज्याच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावत नाहीत, त्याच्यासाठी वझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये वर्णन केलेली मिटलेल्या तोंडाची पद्धत उपयोगी पडते. तिच्यात सुई वरच्या दाढांच्या हिरड्यांच्या पातळीवर, दातांच्या रेषेला समांतर, रेमसच्या आतल्या बाजूने मागे नेतात. आपल्या विच्छेदनातील प्रोब त्याच दिशेने पुढून आत सरकवावा आणि त्याचे टोक इन्फीरियर अल्व्हिओलर नर्व्हच्या किती जवळ येते ते मोजपट्टीने मोजून वहीत नोंदवावे.