मान मोडलेली इलेक्ट्रिक गिटार: दुरुस्तीचा निर्णय

स्टँडवरून पडलेली माझी गिटार उचलली, तेव्हा नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) मागे, जिथे मान सर्वांत बारीक असते आणि ट्रस रॉडसाठी (मानेचा बाक सांभाळणाऱ्या धातूच्या सळईसाठी) आतून कोरलेलीही असते, नेमके तिथले लाकूड तडकून हेडस्टॉक (खुंट्या असलेला वरचा भाग) तारांवर लोंबकळत होता. सहा तारांचा एकत्रित ताण साधारण 45 किलोंचा असल्यामुळे भेग वाढू नये म्हणून मी आधी सर्व तारा सैल केल्या.

मान स्क्रूंनी जोडलेली असती, तर ती सरळ बदलता आली असती. माझ्या गिटारीची मान मात्र बॉडीत डिंकाने चिकटवलेली होती. म्हणून निर्णय भेगेवरच अवलंबून होता. ती लाकडाच्या रेषांच्या दिशेने लांब तिरकी गेली होती, आणि कोरडेच जुळवून पाहिल्यावर जोड नखालाही जाणवणार नाही इतके दोन्ही तुकडे नेमके बसले. भेग आडवी, आखूड असती, तर नुसत्या डिंकावर मी विसंबलो नसतो. पिकअपवर (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागावर) स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवताच ॲम्प्लिफायरमधून टक् असा स्वच्छ आवाज आला, म्हणजे विजेचा भाग शाबूत होता; तेव्हा दुरुस्तीच करायची हे माझ्या मनाने घेतले.

सुतारकामाचा पिवळा डिंक भेगेत खोलवर भरून, बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसून क्लॅम्प 24 तास आवळून ठेवला. झटपट चिकटणारा सुपरग्लू मी कटाक्षाने टाळला, कारण तो एकदा लाकडात मुरला की पुढे सुतारी डिंक तिथे धरत नाही. तारा मी टप्प्याटप्प्याने चढवल्या. जोड घट्ट राहिला आहे.