विद्यापीठाला देणगी कुणी, कोणत्या अटीवर दिली? माहिती अधिकारात असं विचारा

जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा सरळ ऑनलाइन अर्ज. एवढं तुम्हाला येतंच.

खरी मेख प्रश्नात असते. ‘सर्व देणगीदारांची यादी द्यावी’ असं लिहू नका. मी लिहिलं होतं. महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं: ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ चिडलो, पण अधिकारी चुकला नव्हता. दप्तरी असलेला कागद देणं त्याचं काम; तुमच्यासाठी नवा तक्ता करणं नव्हे. ‘ही देणगी का स्वीकारली?’ हा प्रश्नही फुकट जातो. कारण विचारू नका, कागद मागा, तोही नावानिशी.

नाव कुठून काढायचं? विद्यापीठाच्या अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येणारे वार्षिक हिशेब चाळा. ‘अमुक स्मृती सुवर्णपदक निधी’ अशा ओळी तिथे सापडतात. त्यातला एक निधी निवडा आणि त्याचे तीनच कागद मागा: देणगी स्वीकारल्याचा व्यवस्थापन परिषदेचा ठराव, देणगीदाराशी झालेला करार किंवा त्याचं अटींचं पत्र आणि त्या निधीचा खातेउतारा. महाराष्ट्रात अर्जाला एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून एका अर्जात एकच निधी. दहा निधी एका अर्जात कोंबायचा सल्ला देणाऱ्यांनी बहुधा स्वतः अर्ज केलेला नसतो.

नकार येतो तो माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ)चा, ‘वैयक्तिक माहिती’. नोव्हेंबर २०२५पासून हे कलम आणखी कडक झालंय. आधी त्यातच असलेला जनहिताचा अपवाद गेला. पण कलम ८(२) शाबूत आहे, तिथे जनहिताचा मुद्दा मांडता येतो. अपिलात तेच लिहा, आणि कलम १० खाली देणगीदाराचा पत्ता, पॅन झाकून बाकीचा कागद मागा. कंपनीने दिलेल्या पैशाला ‘वैयक्तिक’ म्हणू देऊ नका. नाव लपवायची एवढी घाई कशाला, कळत नाही. प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला आईचं नाव दिलं, ते आजही सगळे घेतात.

‘त्रयस्थ पक्षाला’, म्हणजे देणगीदाराला, ‘विचारतो’ म्हणाले तर ४० दिवस धरा. पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसरं ९० दिवसांत, माहिती आयोगाकडे.

अर्जात अभिलेख पाहणीही, म्हणजे कार्यालयात जाऊन फाइल बघणंही, मागून ठेवा. पहिला तास फुकट असतो. गेलात की आधी टिपणीची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची, पानं उघडा. एका फाइलीत करार अगदी स्वच्छ होता. शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर देणगीदाराचा माणूस घ्यायचं मात्र टिपणीत, तिसऱ्या पानाच्या समासात लिहिलेलं होतं.