यूएसबी-सिरीयल केबल लिनक्सवर चालत नसेल तर: तपास, प्रश्न आणि पॅच

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत मी ज्या कारखान्यांचे संगणक सांभाळतो, त्यांतल्या काहींमध्ये चादरीची नक्षी जकार्डच्या (मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्रणेच्या) जुन्या नियंत्रकाला नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टवरून दिली जाते. जुना संगणक बंद पडला की नवा येतो, नव्याला तो पोर्ट नसतो, म्हणून बाजारातून यूएसबी-सिरीयल केबल आणली जाते. ती कधी पहिल्याच दिवशी चालते, तर कधी माग थांबून राहतो आणि मालक डोक्याशी उभे असतात. अशा वेळी काय तपासावे, आणि तरीही उलगडा झाला नाही तर लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) लिहिणाऱ्यांना कोणत्या स्वरूपात विचारावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. उदाहरण सिरीयल केबलचे असले तरी वायफायची डोंगल किंवा बारकोड स्कॅनर यांचा तपासही बहुतेक याच वाटेने जातो. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात.

सुरुवात केबल काढून करावी. टर्मिनल उघडून प्रशासकाच्या अधिकाराने 'डीमेसेज' ही आज्ञा 'डब्ल्यू' पर्यायासह चालवावी, म्हणजे कर्नल जे सांगेल ते त्याच क्षणी पडद्यावर उमटत राहील, आणि मगच केबल लावावी. केबल लावल्यावर एकही ओळ उमटली नाही, तर दोष ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या कर्नलमधल्या भागाचा) नाही. केबल, पोर्ट किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी बिघडले आहे. विणकाम विभागातल्या संगणकाच्या पोर्टमध्ये सुताचे तंतू आणि धूळ इतकी बसते, की मी आधी पोर्ट साफ करतो आणि मगच पुढचा विचार करतो. ओळ उमटली, पण त्यात उणे ७१ किंवा उणे ११० असा त्रुटी क्रमांक दिसला, तर यंत्र जोडले गेले आहे पण संभाषण पुरे होत नाही, असे समजावे. ७१ म्हणजे यूएसबीच्या नियमांप्रमाणे उत्तर आले नाही आणि ११० म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तरच आले नाही. या दोन्ही क्रमांकांवर लांब एक्स्टेंशन काढून टाकणे आणि केबल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावणे, हा उपाय सर्वांत आधी करून पाहावा.

सर्व ठीक असेल तर 'नवे यूएसबी उपकरण सापडले' अशा अर्थाची ओळ येते आणि तिच्यात उत्पादकाचा व उपकरणाचा असे दोन चार-अंकी क्रमांक असतात. पुढच्या सगळ्या तपासाचा पाया हेच दोन क्रमांक आहेत. 'एलएसयूएसबी' या आज्ञेनेही ते दिसतात. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या केबलमध्ये बहुधा सीएच३४० ही चिप असते आणि तिचा क्रमांक १ए८६:७५२३ असतो. प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपचा ०६७बी:२३०३ आणि एफटीडीआय कंपनीच्या नेहमीच्या चिपचा ०४०३:६००१. या तिन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये फार पूर्वीपासून आहेत. त्यामुळे वेष्टनावर छापलेल्या नावापेक्षा आणि सोबत मिळालेल्या सीडीपेक्षा हे क्रमांक अधिक विश्वासार्ह असतात. सीडी तर उघडूही नये.

त्यानंतर 'परिवर्तक आता टीटीवाययूएसबी० ला जोडला आहे' अशा अर्थाची ओळ आली, तर ड्रायव्हरने आपले काम केले आहे. तरीही प्रोग्राम पोर्ट उघडत नसेल, तर बहुतेक वेळा प्रश्न परवानगीचा असतो. डेबियन आणि उबुंटूच्या कुळात सिरीयल पोर्ट 'डायलआउट' या गटाच्या मालकीचा असतो; वापरकर्त्याला त्या गटात घालावे आणि एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे, कारण गटातला बदल नव्या लॉगिनपासूनच लागू होतो. हे दुसरे पाऊल विसरल्यामुळे लोक तासन्‌तास वाया घालवतात.

जोडल्याची ओळ येते आणि क्षणभरात 'तुटला' अशी दुसरी ओळ येते, असा एक प्रकार मी स्वतः दोन दिवस केबलचा दोष समजून बसलो होतो. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० ची केबल लावताच ती जोडली जाई आणि लगेच निसटे. तिसऱ्या केबलनंतर मी डीमेसेज नीट वाचले, तेव्हा त्यात 'बीआरएलटीटीवाय' हे नाव दिसले. हा ब्रेल प्रदर्शक चालवणारा प्रोग्राम आहे. काही ब्रेल प्रदर्शकांमध्ये हीच चिप असते, त्यांचा क्रमांकही हाच असतो, आणि म्हणून हा प्रोग्राम आमच्या जकार्डच्या केबलला ब्रेल प्रदर्शक समजून तिचा ताबा घेत होता. त्या संगणकावर दृष्टिहीन वापरकर्ता कोणी नसेल तर प्रोग्राम काढून टाकावा. असेल तर यूडेव्हच्या (उपकरण लावताच काय करायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांमधली फक्त या क्रमांकाची ओळ निष्क्रिय करावी आणि बाकीचे नियम तसेच ठेवावेत.

याच चिपची आणखी एक अडचण सांगणे भाग आहे. सीएच३४० मध्ये बहुधा प्रत्येक नगाचा स्वतंत्र अनुक्रमांक नसतो. दोन मागांसाठी एकाच संगणकाला अशा दोन केबल लावल्या, तर पुन्हा सुरू केल्यावर टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ या नावांची अदलाबदल होऊ शकते, आणि मग एका मागाची नक्षी दुसऱ्यावर जाते. 'डेव्ह' खालच्या 'सिरीयल' फोल्डरमध्ये 'बाय-आयडी' आणि 'बाय-पाथ' असे दोन उपफोल्डर असतात. येथे पहिला उपयोगाचा नाही. दुसऱ्यातले नाव भौतिक पोर्टवरून ठरते, म्हणून प्रोग्रामला तेच द्यावे आणि त्या पोर्टवर माग क्रमांकाची चिठ्ठी चिकटवावी.

कर्नलच्या बाजूने सर्व ठीक दिसत असूनही नियंत्रक ऐकत नसेल, तर पोर्ट स्वतःच तपासता येतो. केबलच्या नऊ पिनांच्या टोकावर पिन २ आणि पिन ३ एका तारेने जोडाव्यात, मिनिकॉमसारखा सिरीयल पोर्टशी बोलणारा प्रोग्राम उघडून त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करावा आणि काही अक्षरे टंकावीत. टंकलेली अक्षरे पडद्यावर परत आली आणि तार काढताच येणे थांबले, तर केबल आणि ड्रायव्हर दोन्ही चांगले आहेत. दोष वेगाच्या जुळणीत, पलीकडच्या वायरिंगमध्ये किंवा नियंत्रकात आहे. ही दोन मिनिटांची चाचणी केल्याशिवाय कर्नलच्या लोकांना पत्र (ईमेल) लिहू नये, कारण ते पहिला प्रश्न हाच विचारू शकतात.

आता उरते ती खरी अडचण: क्रमांक दिसतो, पण जोडल्याची ओळ येतच नाही. तो क्रमांक कोणत्याही ड्रायव्हरच्या यादीत नाही, असा याचा अर्थ बहुधा असतो. 'मॉडइन्फो' ही आज्ञा ड्रायव्हरच्या नावासह चालवली, की तो कोणकोणते क्रमांक ओळखतो याची यादी मिळते. चिप ओळखीचीच असून केबल बनवणाऱ्याने तिच्यावर स्वतःचा क्रमांक घातला असेल, तर ड्रायव्हरला तो तात्पुरता शिकवता येतो: 'सिस' फाइल प्रणालीत यूएसबी-सिरीयल ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये 'न्यू-आयडी' नावाची फाइल असते आणि तिच्यात दोन्ही क्रमांक मध्ये जागा सोडून लिहिले, की ड्रायव्हर ती केबल लगेच स्वीकारतो. मात्र चिप कोणती आहे हे अंदाजाने ठरवू नये. जमल्यास आवरण उघडून चिपवरचा छाप वाचावा.

क्रमांक किती भरवशाचा, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१४ मध्ये एफटीडीआयने विंडोजसाठी दिलेल्या ड्रायव्हरने नकली चिपचा उपकरण क्रमांक शून्य करून टाकला, त्यामुळे त्या केबल विंडोजवर ओळखल्याच जाईनात. लिनक्सच्या एफटीडीआय ड्रायव्हरमध्ये नंतर ०४०३:०००० हा क्रमांकही घालण्यात आला. म्हणून जुन्या कारखान्यात असा शून्य क्रमांक दिसला, तर केबल फेकून देण्याआधी ती लिनक्सवर लावून पाहावी.

हे सारे करूनही गाठ सुटली नाही, तर विचारावे. माझे पहिले पत्र 'केबल चालत नाही, कृपया मदत करावी' एवढेच होते आणि सोबत पडद्याचा मोबाईलवर काढलेला फोटो होता. उत्तर नम्र होते, पण त्यात माझ्यासाठी चार प्रश्न होते, आणि आठवडा तसाच गेला. पलीकडचा माणूस आपल्या कारखान्यात उभा नसतो. त्याला दिसते ते फक्त आपण लिहिलेले. म्हणून पत्रात कर्नलची नेमकी आवृत्ती असावी, 'यूएसबी-डिव्हायसेस' या आज्ञेने केबलबद्दल दाखवलेला मजकूर असावा, आणि संगणक सुरू झाल्यापासूनचे संपूर्ण डीमेसेज मजकूर म्हणून जोडलेले असावे, निवडक ओळी नव्हेत. कारण आपल्याला बिनमहत्त्वाची वाटलेली ओळच कित्येकदा कामाची निघते. काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे तीन वाक्यांत सांगावे. कारण काय असावे याचा आपला तर्क पत्राच्या शेवटी, तर्क म्हणूनच लिहावा.

कोठे विचारावे, हेही तितकेच महत्त्वाचे. वितरणाने (उबुंटू, डेबियन यांसारख्या तयार लिनक्स संचाने) दिलेल्या कर्नलमध्ये त्यांचे स्वतःचे बदल असतात, म्हणून त्याची तक्रार आधी वितरणाकडे करावी. मूळ कर्नलच्या लोकांकडे जायचे असेल, तर ताज्या मूळ कर्नलवर दोष दिसतो याची खात्री करावी, आणि 'प्रॉक' खालच्या 'टेंटेड' फाइलमध्ये शून्य आहे का तेही पाहावे. शून्य नसेल, तर बाहेरचा ड्रायव्हर भरलेला असणे किंवा तत्सम काही कारण असते, आणि अशा कर्नलवरच्या तक्रारीकडे सहसा लक्ष दिले जात नाही. कोणाला लिहायचे ते कर्नलच्या स्रोतासोबत येणारी 'गेट-मेंटेनर' ही स्क्रिप्ट सांगते. पत्र साध्या मजकुरात लिहावे, कारण एचटीएमएल पत्रे कर्नलच्या ईमेल-याद्यांवर (मेलिंग लिस्टवर) पोहोचतच नाहीत. आणि उत्तर देताना मूळ मजकुराच्या वर नव्हे, तर संबंधित ओळीच्या खाली लिहावे.

आधी चालणारी केबल कर्नल बदलल्यावर बंद पडली असेल, तर ते ठळकपणे सांगावे. चालणारी गोष्ट मोडू नये, हा लिनक्सचा जुना आणि कडक नियम आहे, आणि अशा तक्रारीला वेगळे वजन मिळते. शक्य असल्यास दोषी बदल स्वतः शोधावा. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या 'बायसेक्ट' सोयीने चांगली आणि बिघडलेली आवृत्ती दिली, की ती मधला बदल तपासायला देते आणि प्रत्येक चाचणीला उरलेला ढीग निम्मा होतो. दोन लागोपाठच्या आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार बदल असले तरी सुमारे चौदा चाचण्या पुरतात. कर्नल बांधायला वेळ लागतो, म्हणून 'लोकलमॉडकॉन्फिग' ने फक्त आपल्या संगणकाला लागणारे ड्रायव्हर निवडावेत. केबल त्या वेळी लावलेली असावी, नाहीतर तिचाच ड्रायव्हर गळतो. मध्येच वीज गेली तरी भीती नाही, शोध कोठवर आला ते गिट आपल्या फोल्डरमध्ये जपून ठेवते. आमच्याकडे मे महिन्यात हा दिलासा लहान नाही.

न्यू-आयडीने केबल चालली असेल, तर पुढचे पाऊल पॅचचे, म्हणजे कर्नलच्या स्रोतातला बदल लिहून पाठवण्याचे. ड्रायव्हरच्या यादीत एक ओळ घालायची असते, आणि कर्नलमध्ये पहिले योगदान देण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. बदलाच्या वर्णनात केबल कोणती, आपण ती कशी तपासली आणि यूएसबी-डिव्हायसेसने काय दाखवले, हे लिहावे. शेवटी आपल्या नावाने 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ द्यावी. २००४ पासून चालत आलेली ही ओळ म्हणजे हा मजकूर देण्याचा आपल्याला हक्क आहे, याची लेखी ग्वाही असते. पाठवण्याआधी 'चेकपॅच' ही तपासणीची स्क्रिप्ट चालवावी आणि पॅच 'गिट सेंड-ईमेल' ने पाठवावे, कारण ब्राउझरमधली टपाल-सेवा टॅबच्या जागी मोकळ्या जागा घालून पॅच निकामी करते. उत्तर नाही आले तर किमान एक आठवडा थांबून नम्रपणे आठवण द्यावी. नव्या आवृत्तीसाठी बदल स्वीकारण्याचा दोन आठवड्यांचा काळ चालू असेल तर आणखी थांबावे. केवळ क्रमांक वाढवणारे पॅच स्थिर आवृत्त्यांमध्येही घेतले जातात, त्यामुळे जुन्या कर्नलवरच्या संगणकांनाही त्यांचा लाभ होतो.

लिनक्सऐवजी ओपनबीएसडी किंवा फ्रीबीएसडी या प्रणाली वापरणाऱ्यांनाही हीच पद्धत लागू पडते, फक्त नावे बदलतात: सीएच३४० चा ड्रायव्हर तेथे 'यूसीएचकॉम' म्हणून ओळखला जातो. ओपनबीएसडीचे लोक तर सर्व काही नीट चालत असतानाही नव्या यंत्राचे डीमेसेज पाठवावे, असे सांगतात, कारण कोणते हार्डवेअर प्रत्यक्ष वापरात आहे हे त्यांना त्यातूनच कळते.

पॅच स्वीकारला गेल्यावर तो वितरणाच्या कर्नलमधून कारखान्यापर्यंत यायला वेळ लागतो. तोवर केबल लावताच न्यू-आयडीमध्ये क्रमांक लिहिणारा यूडेव्हचा नियम करून ठेवावा, तो का केला आणि कोणत्या कर्नलनंतर काढायचा हे त्याच फाइलमध्ये टिपणीत लिहावे, आणि केबलच्या दोन्ही टोकांना चिपचे नाव व क्रमांक लिहिलेली पट्टी चिकटवावी. रात्रपाळीत केबल बदलणारा कामगार ती पट्टी वाचूनच योग्य केबल निवडतो.