जपानी बोलायला शिकताना इंग्रजीचा वळसा नको

जपानी शिकायला बसलेला मराठी माणूस बहुतेक वेळा इंग्रजी अ‍ॅप नाहीतर इंग्रजी पुस्तक उघडतो. तिथे त्याला पहिल्याच धड्यात बजावलं जातं की या भाषेत क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाच्या मागून लागतात आणि प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' जोडायचा. यात आपल्याला नवल ते काय? 'गाक्कोऽ नि इकिमास का' म्हणजे 'शाळेला जाता का'. शब्दाला शब्द, क्रम तोच, शेवटचा 'का'सुद्धा तोच. (हा निव्वळ योगायोग आहे, दोन भाषांचं नातं नाही.) तेव्हा वाक्य मनात मराठीतच जुळवा आणि थेट जपानीत न्या. मराठी कुठे दगा देते त्या चार-पाच जागा मात्र आधीच ओळखून ठेवायला हव्यात.

या लेखात जपानी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. 'ऽ' दिसला की आधीचा स्वर आणखी एक ठोका लांबवायचा.

आधी कान आणि ताल

रोमन लिपीतून वाचलं की आपण 'ta'चा 'टा' करतो आणि 'ताबेमास'चं 'टाबेमास' होतं. जपानीत ट-ठ-ड-ढ नाहीत. त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी वाटेने येणारे 'त्सु'पाशी अडखळतात, पण तो आपल्या 'चुना'तला 'चु' आहे. 'चि' मात्र 'चिमणी'तला. 'मिझु' (पाणी) म्हणताना 'झु'च्या जागी 'जुना'तला 'जु' आणा. 'फु' म्हणताना दात ओठाला लावायचा नाही. गरम दूध फुंकताना जशी हवा सुटते तसा तो सोडायचा. र हलका, एकदाच जीभ आपटून.

अनुस्वारही ओळखीचाच. 'संप', 'संत', 'संगत' यांत तो जसा पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, तसाच 'शिंबुन' (वर्तमानपत्र), 'होंतोऽ' (खरं) आणि 'गिंकोऽ' (बँक) यांत बदलतो. फरक इतकाच की जपानीत त्याला स्वतःचा पूर्ण ठोका असतो. 'कोन्निचिवा' (नमस्कार) चार ठोक्यांत उरकलं तर चुकलं. को-न्-नि-चि-वा, पाच.

खरी अडचण ठोक्यांचीच आहे. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ सैल सोडलं तरी सहसा काही बिघडत नाही. जपानीत शब्दच बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'ब्योऽइन' (चार ठोके) म्हणजे रुग्णालय आणि 'बियोऽइन' (पाच ठोके) म्हणजे केशरचनेचं पार्लर. 'किते कुदासाई' म्हणजे 'या', 'कित्ते कुदासाई' म्हणजे 'कापा'. म्हणून नवा शब्द शिकताना बोटांवर ठोके मोजा. 'तोऽक्योऽ' हे चार ठोके आहेत, 'टोकियो' नव्हे.

'देस' आणि 'मास' यांच्या लिपीत शेवटी 'सु' आहे, पण बोलताना तो उकार जवळजवळ गिळला जातो. 'स्की' (आवडतं) हेही मुळात 'सुकि' आहे.

प्रत्यय: कुठे मराठी चालते, कुठे नाही

'नो' म्हणजे चा-ची-चे, तोही लिंग-वचनाच्या कटकटीशिवाय: 'वाताशि नो होन', माझं पुस्तक. 'नि' बऱ्याचदा 'ला'. मित्राला भेटतो, 'तोमोदाचि नि आइमास'. इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास कर्माचा 'ओ' लावतो. तीच गोष्ट 'आवडतं' आणि 'कळतं' यांची. आपण 'मला मांजर आवडतं' म्हणतो, मांजराला काही प्रत्यय लावत नाही. जपानीतही तिथे कर्माचा 'ओ' येत नाही, 'गा' येतो: 'नेको गा स्की देस', 'निहोंगो गा वाकारिमास' (जपानी कळतं).

आता दगा देणाऱ्या जागा. आपण 'पुस्तक वाचतो' म्हणताना पुस्तकाला काहीच लावत नाही, म्हणून जपानीत 'ओ' विसरतो: 'होन ओ योमिमास'. दुसरी जागा 'त' या प्रत्ययाची. वाचनालयात आहे आणि वाचनालयात अभ्यास करतो, दोन्हीकडे आपला 'त'. जपानीत नुसतं असणं असेल तर 'नि' (तोशोकान नि इमास), काही करणं असेल तर 'दे' (तोशोकान दे बेंक्योऽ शिमास).

तिसरी आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे 'आहे'. मराठीत एका 'आहे'वर सगळं भागतं, जपानीत त्याचे तीन तुकडे होतात. 'हे पुस्तक आहे' यातला 'आहे' म्हणजे 'देस'. 'टेबलावर पुस्तक आहे' यातला 'आरिमास', कारण पुस्तक निर्जीव. 'टेबलाखाली मांजर आहे' यातला 'इमास', कारण मांजर आपणहून हलतं. झाड सजीव असलं तरी त्याला 'आरिमास'च.

'हे' आणि 'ते' यांचंही तसंच. माझ्याजवळचं 'कोरे', तुमच्याजवळचं 'सोरे', दोघांपासून लांबचं 'आरे'. समोरच्याच्या हातातल्या वस्तूला 'आरे' म्हणणं ही नवशिक्याची ठरलेली चूक.

भूतकाळात विशेषणं फसवतात. 'छान होतं'मध्ये आपण 'आहे'चं 'होतं' करतो, म्हणून तोंडून 'ओइशिइ देश्ता' निघतं. ते चूक. 'इ'ने संपणारं विशेषण सहसा स्वतःच बदलतं: ओइशिइ (चवदार), ओइशिकात्ता (चवदार होतं), ओइशिकुनाई (चवदार नाही). शेवटी 'देस' जोडलं की सभ्य झालं. क्रियापदाची मात्र चारच रूपं पाठ करा: ताबेमास (खातो), ताबेमासेन (खात नाही), ताबेमाश्ता (खाल्लं), ताबेमासेन देश्ता (खाल्लं नाही). खातो आणि खाईन या दोन्हींना पहिलंच रूप चालतं. मी, तू, ती, ते, कोणीही असो, रूप बदलत नाही.

'ऊन' आणि 'ते'

इंग्रजी पुस्तकं ज्याची भीती घालतात ते 'ते'चं रूप म्हणजे आपलं 'ऊन'. इथे दोन्ही भाषा इतक्या जवळ येतात की मजा वाटते:

ताबेते मिमास: खाऊन बघतो.
मोत्ते किमास: घेऊन येतो.
मोत्ते इकिमास: घेऊन जातो.
काइते ओकिमास: लिहून ठेवतो.
ताबेते शिमाइमाश्ता: खाऊन टाकलं.

शेवटच्यात जपानी माणसाला बरेचदा 'अरेरे, खाल्लं गेलं' असा पश्चात्तापाचा सूर ऐकू येतो, एवढं लक्षात ठेवा. 'ते'ला 'कुदासाई' जोडलं की विनंती, 'इमास' जोडलं की चालू क्रिया. 'ते मो इइ देस का' म्हणजे हुबेहूब 'तर चालेल का': 'शाशिन ओ तोत्ते मो इइ देस का', फोटो काढला तर चालेल का?

'ते' कसं बनतं याचे नियम आहेत, पण ते सुरुवातीला घोकू नका. मात्ते (थांबून), मिते (बघून), इत्ते (जाऊन), किते (येऊन), ताबेते (खाऊन), नोंदे (पिऊन), योंदे (वाचून), काइते (लिहून), किइते (ऐकून), ओशिएते (शिकवून) हे दहा शब्द तोंडात बसले की नियम वाचल्यावर आपोआप उलगडतात.

माणसांशी बोलताना

सुरुवातीचे काही महिने 'मास-देस'च्या सभ्य बोलीतच राहा. मित्रांमधली तोडकी बोली आधी शिकलात तर दुकानदाराला 'अरे-तुरे' कराल. 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' असं शब्दकोश सांगतो, पण ओळखीच्या माणसाला 'आनाता' म्हटलेलं खटकतं. आडनावाला 'सान' लावून विचारा: 'तानाका-सान वा?' (तानाका-सान, तुमचं काय?) स्वतःच्या नावाला 'सान' कधीच लावायचं नाही. स्वतःच्या आईचा दुसऱ्याकडे उल्लेख 'हाहा', दुसऱ्याची आई 'ओकाऽसान'.

ऐकताना हुंकार द्यायचा असतो, गोष्ट ऐकताना देतो तसा. 'हाइ', 'सोऽ देस ने', 'नारुहोदो' (अच्छा, असं होय). गप्प राहिलात तर समोरच्याला वाटतं, याला काही कळत नाही. मात्र त्याचा 'हाइ' म्हणजे होकार समजू नका; तो बऱ्याचदा 'ऐकतोय, बोला' इतकाच असतो. वाक्याच्या शेवटचा 'ने' म्हणजे आपला 'ना' आणि 'यो' म्हणजे 'बरं का': 'आबुनाई देस यो', धोका आहे बरं का.

नकार सरळ देत नाहीत. 'दोयोऽबि वा चोत्तो…' म्हणजे 'शनिवारी जरा…', आणि वाक्य तिथेच सोडायचं. ते पूर्ण करायला लावू नका.

अडकलात तर 'मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास' (पुन्हा एकदा सांगा) आणि 'युक्कुरि ओनेगाइ शिमास' (सावकाश बोला) ही दोन वाक्यं पहिल्या दिवशीच पाठ हवीत. विचार करायला वेळ हवा असेल तर 'एऽतो…' म्हणा.

आकडे आणि दुकानाचा गल्ला

हजाराच्या पुढे जपानी माणूस चार-चार शून्यांनी मोजतो. १०,००० म्हणजे 'इचिमान'. आपला एक लाख म्हणजे 'जूऽमान', दहा लाख 'ह्याकुमान', एक कोटी 'इस्सेनमान', दहा कोटी 'इचिओकु'. तीन, सहा आणि आठ यांच्याशी शेकडा-हजाराचा उच्चार बदलतो: ३०० सांब्याकु, ६०० रोप्प्याकु, ८०० हाप्प्याकु, ३,००० सानझेन, ८,००० हास्सेन. किंमत ऐकून समजणं हे बोलण्यापेक्षा अवघड, म्हणून रोज पाच-सहा आकडे कोणाकडून तरी वाचून घ्या आणि ऐकून लिहा.

वस्तू मोजायला प्रकाराप्रमाणे वेगवेगळे शब्द आहेत. सध्या हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु असे दहापर्यंतचे शिका, बहुतेक वस्तूंना चालतात.

दुकानात शिरताच 'इराश्शाइमासे' (या, या) ऐकू येईल. त्याला उत्तर द्यायचं नसतं. गल्ल्यावर 'फुकुरो वा इरिमास का' विचारतील, म्हणजे पिशवी हवी का. जुलै २०२० पासून जपानमध्ये प्लास्टिकच्या पिशवीचे सहसा वेगळे पैसे पडतात, म्हणून हा प्रश्न जवळपास ठरलेला. हवी असेल तर 'ओनेगाइ शिमास'. नको असेल तर 'दाइजोऽबु देस'. शब्दशः 'ठीक आहे', पण इथे अर्थ 'नको'. डब्यातलं तयार जेवण घेतलं असेल तर 'आतातामेमास का', गरम करून देऊ का.

रोजचा अर्धा तास

पहिली १० मिनिटं लिपीला. हिरागाना या जपानीच्या मूळ अक्षरलिपीची अक्षरं ४६. रोज पाच धरली तर दहा दिवस. पुढचे दहा दिवस काताकानाला, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या लिपीला. त्यानंतर रोमन आणि देवनागरी दोन्ही सोडा, कारण दोन्हींमुळे जुनेच उच्चार परत येतात. लिपीत 'हा' हे अक्षर प्रत्यय म्हणून आलं की 'वा' वाचायचं, हे तेव्हाच कळेल. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, बोलण्यासाठी लगेच लागत नाहीत.

पुढची १० मिनिटं ऐकून म्हणण्याला. २०-३० सेकंदांचा संवाद निवडा. जपानी प्रसारणसंस्था एनएचकेच्या 'एनएचके वर्ल्ड' संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी मोफत पाठ आहेत. दोनदा नुसता ऐका, मग बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे राहून दहा वेळा सोबत म्हणा. दहाव्या वेळी फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि मूळ आवाजाशी ताडून बघा. आधी लांब स्वर तपासा, मग 'कित्ते'सारख्या जोडाक्षरातला थांबा, बाकी सगळं नंतर.

उरलेली १० मिनिटं त्या दिवशी प्रत्यक्ष बोललेली पाच मराठी वाक्यं जपानीत करायची. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करत असाल तर ही दहा मिनिटं मुळीच कापू नका, कारण त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. एखादी वरची पातळी पास होऊनही गल्ल्यावर तोंड उघडत नाही, ते त्यामुळेच.